केंद्राची शाळा

शिवकांताबाईंना 'केंद्र' हा शब्द फार आवडतो. तसा तो उमरग्यात सगळ्यांनाच आवडतो. मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न, मुलगा काय करतो, आणि दुसरा, स्टेटला का सेंट्रलला. सेंट्रल म्हटलं की मुलीची आई चहात दूध वाढवते. पण शिवकांताबाईंची या शब्दावरची भक्ती जरा जास्तच, आणि तिला कारण त्यांच्या घरातच होतं. त्यांचे मालक उमाशंकर गुरुजी जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झाले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा प्राथमिक शाळांवर मोटारसायकलवरून देखरेख ठेवणारा, पटसंख्या आणि खिचडीचा तांदूळ तपासणारा माणूस. पण लग्नाकार्यात कुणी विचारलं, "मालक कुठं होते तुमचे?" तर शिवकांताबाई पदर सावरून सांगायच्या, "केंद्रात होते." पुढचा 'प्रमुख' त्या गिळून टाकायच्या. एका लग्नात हैदराबादकडच्या एका पाहुण्यांनी गुरुजींना मोठ्या आदरानं विचारलं, "दिल्लीला कुठल्या खात्यात होतात?" गुरुजी म्हणाले, "दिल्ली न्हाय, मुरूम रोडला." त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत.

असा हा शब्द घरात आधीच पूजेला बसलेला, त्यात मागच्या दसऱ्याच्या सुमाराला जपानहून विरेशचा फोन आला. विरेश हा त्यांचा एकुलता मुलगा, तिकडं गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. सून श्रीदेवी बसवकल्याणकडची. नातीचं नाव महादेवी, पण सगळे माही म्हणतात. माही सहाव्या वर्षात होती आणि येत्या एप्रिलात तिला पहिलीत घालायचं होतं, कारण तिकडं शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं.

"घराजवळ नगरपालिकेची शाळा हाय," विरेश सांगत होता. "तिथं काही करायला लागत न्हाय, पत्ता बघून नाव लागतंय. खासगी हायेत त्या आपल्या आवाक्यातल्या न्हाईत. आणि एक राष्ट्रीय शाळा हाय, विद्यापीठाला जोडलेली."

'राष्ट्रीय' ऐकल्याबरोबर शिवकांताबाईंनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला.

"राष्ट्रीय म्हंजे केंद्राची का?"

"व्हय, तसं म्हणायला हरकत न्हाय. पण आई..."

या 'पण'च्या पुढं विरेश बराच वेळ बोलत होता. तो काय बोलला ते शिवकांताबाईंना आजही आठवत नाही. त्या तेव्हा मनातल्या मनात शरणम्माला सांगत होत्या.

शरणम्मा म्हणजे गुरुजींची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडं राहतात. विरेश पाचवीत असताना नवोदयच्या परीक्षेला बसला होता. त्याचं नाव लागलं नाही आणि त्याच वर्षी शरणम्माच्या मुलाचं लागलं. पेढा हातावर ठेवताना शरणम्मा म्हणाल्या होत्या, "केंद्राची शाळा हाय वैनी, सगळ्यांना थोडीच मिळतीय." तो पेढा शिवकांताबाईंनी खाल्ला, पण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे तो अजून घशाखाली उतरायचा आहे. पुढं विरेश बापाच्याच हाताखाली झेडपीच्या शाळेत शिकला, मग लातूरला, मग पुण्याला, आणि तिथून जपानला गेला. शरणम्माचा मुलगा सोलापूरला बँकेत आहे, गुणी आहे, सणावाराला आईकडं येतो. दोन्ही पोरं मार्गी लागली होती. दुःख धरून बसावं असं कुठंच काही उरलं नव्हतं. तरी शिवकांताबाईंनी ते धरलं होतं, कारण इतकी वर्षं धरलेलं दुःख सोडून द्यायचं म्हणजे हात रिकामे वाटतात.

"तुला राष्ट्रीय कशाला पायजे?" फोन झाल्यावर गुरुजी म्हणाले. "पोरगी चालत जाईल अशी शाळा दारात हाय म्हणतोय तो."

"तुमी गप बसा. तुमचं झेडपीच्या पुढं कधी गेलंच न्हाय."

"तुझा पोरगा गेला की झेडपीतनं. एकदम जपानला गेला."

"तो माझ्या सोमवारामुळं गेला."

गुरुजींनी पेपर उघडला. बायकोच्या उपासाविरुद्ध पुरावा देता येत नाही, हे ते नोकरीत असतानाच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी शिवकांताबाईंनी सुनेला फोन लावला. "श्रीदेवी, नुसता फॉर्म तर भर. भरायला काय जातंय?"

"बरं आत्याबाई," श्रीदेवी म्हणाली.

श्रीदेवीचं 'बरं' हे खरोखरचं बरं असतं का नुसतं तोंडातून पडलेलं, हे कळायला माणूस समोर बसलेला पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर चेहरा मध्येच गोठतो आणि नेटवर्कला नाव ठेवून मोकळं होता येतं. शिवकांताबाई मोकळ्या झाल्या.

मग विरेशनं प्रवेशाची रीत सांगितली. आधी पोरांची एक सोपी चाचणी. गोष्ट ऐकून सांगायची, कागदाच्या घड्या घालायच्या, दोरीची गाठ बांधायची, अनोळखी पोरांबरोबर खेळून दाखवायचं. त्यातून जी पोरं पुढं येतील, त्यांची सोडत. आईबापानं जायचं आणि आपल्या हातानं चिठ्ठी काढायची.

"हुशार पोरांची चिठ्ठी काढतात?" गुरुजींनी विचारलं.

"त्यांना नुसती निवडक पोरं नको असतात बाबा. सगळ्या तऱ्हेची पायजेत."

गुरुजी विचारात पडले. शिवकांताबाई मात्र 'चिठ्ठी' या शब्दालाच थांबल्या होत्या. चिठ्ठी हे काय प्रकरण असतं ते त्यांना ठाऊक होतं. मठात श्रावणातल्या सोमवारी प्रसाद कुणी करायचा ते चिठ्ठ्या टाकूनच ठरतं. लहान लेकरू डोळे मिटून चिठ्ठी उचलतं आणि जिचं नाव निघेल ती बाई वर्षभर मान वर करून चालते. चिठ्ठी म्हटली की हुशारीचं काम संपलं आणि देवाचं सुरू झालं. हुशारीचं त्यांच्या हातात काही नव्हतं. भक्तीचं दुकान मात्र घरचंच होतं.

त्याच संध्याकाळी त्या मठात गेल्या आणि महादेवापुढं पदर पसरून बोलल्या, की माहीची चिठ्ठी निघू दे, सगळ्या गल्लीला हुग्गीचं जेवण घालीन. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. शिवकांताबाईंच्या हातच्या हुग्गीला गावात नाव आहे, त्यामुळं देवाला नाही म्हणणं अवघड जाईल असा त्यांचा अंदाज होता. रोज सकाळी त्या वहीत 'ॐ नमः शिवाय' लिहायच्या, ते त्यांनी दुप्पट केलं. एका सकाळी लिहिता लिहिता पाहिलं, तर एका ओळीत 'ॐ नमः शाळाय' उतरलं होतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ते तसंच राहू दिलं. देव समजून घेईल म्हणून नव्हे. खोडलं तर पान खराब दिसलं असतं.

देवाचं काम लावून दिल्यावर त्या चाचणीच्या मागं लागल्या. माहीला गाठ शिकवायची म्हणून गुरुजींचा धुतलेला पायजमा मोबाइलपुढं धरला आणि नाडीचं फूल बांधून दाखवलं. माही तिकडून बुटाची दोरी घेऊन बसली. माही काहीही विचारलं की 'हाय' म्हणते. तिकडं 'हाय' म्हणजे 'हो'. आणि आपल्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे'. त्यामुळं आजी-नातीचं बोलणं बिनअडथळा चालायचं.

"दोरी हाय का हातात?"

"हाय."

"आई हाय का तिथं?"

"हाय."

"आता उजवीकडचा कान डावीच्या खालनं घे. घेतला का?"

"हाय."

"शिवकांता," गुरुजी आतून म्हणाले, "मला बाहेर जायचंय. परीक्षा झाली असली तर पायजमा दे."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण पोटात ठेवून बसायला शिवकांताबाई काही मोठ्या साध्वी नव्हत्या. सोमवारी मठात भजनाला बायका जमल्या तेव्हा त्यांनी टाळ पुसत पुसत सहज म्हटलं, "माहीचं केंद्राच्या शाळेत चाललंय जपानला. आता नुसती चिठ्ठी निघायची हाय."

शरणम्मांनी टाळ खाली ठेवला. "चिठ्ठी? म्हंजे आरटीई का वैनी?"

आता हे ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांना सांगायला नको. आपल्याकडं शाळेची चिठ्ठी निघते ती आरटीईची. गरिबाघरच्या पोरांना खासगी शाळेत ज्या मोफत जागा असतात, त्या सोडतीनं देतात. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. शिवकांताबाई 'न्हाय न्हाय' म्हणेपर्यंत भजन सुरू झालं, आणि भजन सुटेपर्यंत शेजारणीनं शेजारणीला सांगून झालं होतं.

दोन दिवसांनी समोरच्या कमलबाई तूरडाळीची पिशवी घेऊन आल्या. "विरेशचं बरं हाय ना? तिकडं लई महागाई हाय म्हणतात. कुणी जाणार असलं तर पाठवून द्या. घरची डाळ हाय."

शिवकांताबाईंनी डाळ परत केली. संध्याकाळी कमलबाईंचा मुलगा बिभीषण आला. त्याचं तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे.

"काकू, उत्पन्नाचा दाखला लागंल बघा. जपानला आपला चालतो का ते माहीत न्हाय, पण काढून ठेवू. काकांची पेन्शन धरू नका, विरेशदादाचं पण कमी दाखवू."

"माझा पोरगा जपानला इंजिनिअर हाय रे."

"म्हणून तर कमी दाखवायचं," बिभीषण म्हणाला.

गुरुजी हसून हसून खोकायला लागले. शिवकांताबाईंनी त्यांना पाणी दिलं नाही. सेंट्रलचा तोरा मिरवायला गेलेल्या बाईच्या मुलाला गावानं दारिद्र्यरेषेखाली नेऊन बसवलं होतं, आणि तेही बिचाऱ्यांनी मायेनं. यावर उपाय एकच होता. शरणम्माला घरी बोलवायचं, फोन स्पीकरवर टाकायचा आणि विरेशच्याच तोंडून ऐकवायचं.

रविवारी दुपारी शरणम्मा आल्या. शिवकांताबाईंनी चहा दिला, फोन बत्ताशांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाल्या, "विरेश, तुझ्या आत्या आल्यात. त्यांना सांग जरा, ही राष्ट्रीय शाळा म्हंजे काय."

"आत्या, ती विद्यापीठाची शाळा हाय. जे पुढं मास्तर होणार, त्यांना तिथं शिकवायला शिकवतात."

गुरुजी खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे सराव पाठ."

"व्हय बाबा. शिकाऊ मास्तर येतात, काही आठवडे शिकवून जातात. आणि एखादी नवीन पद्धत निघाली की आधी या शाळेत करून बघतात. बाहेरगावचे मास्तर बघायला येतात, मागं भिंतीला उभे राहून लिहून घेतात."

"करून बघतात म्हंजे? पोरांवर?" शरणम्मांनी विचारलं.

"मग काय बाकांवर?" गुरुजी म्हणाले.

शिवकांताबाईंच्या डोळ्यांपुढं त्यांची लोहाऱ्याची शाळा आली. त्या चौथीत असताना डीएडची पोरं पाठ घ्यायला यायची. प्रत्येकजण जास्वंदीचं फूल घेऊन यायचा आणि फुलाचे भाग शिकवायचा, कारण शाळेच्या कुंपणाला जास्वंदच होती. मागं त्यांचे सर गुण द्यायला बसायचे. एका शिकाऊ मास्तरानं शिवकांताला आधीच लिमलेटची गोळी देऊन सांगून ठेवलं होतं, मी तुझ्याकडं बोट केलं की 'पुंकेसर' म्हणायचं. त्यानं बोट केलं, पण ते 'तुझं नाव काय' असं विचारायला. शिवकांता उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "पुंकेसर." त्यानंतर शाळा सुटेपर्यंत तिचं तेच नाव होतं. आणि आता पन्नास वर्षांनी ही बाई नातीला हौसेनं त्याच वर्गात बसवायला निघाली होती, वर त्यासाठी हुग्गी बोलली होती.

"आणि दारातल्या शाळेत काय असतंय?" गुरुजींनी विचारलं. त्यांचा आवाज तपासणीला गेल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"तिथं मास्तर दर काही वर्षांनी बदलतात, हेडमास्तर पण. सगळ्या जिल्ह्यात फिरवतात. त्यामुळं एक शाळा लई भारी आणि दुसरी पडकी असं फारसं होत न्हाय."

"ऐक," गुरुजी बायकोला म्हणाले. "मी बदल्यांचं म्हणत होतो तेव्हा तू म्हणायचीस, तुमाला एका जागी करमत न्हाय."

"गल्लीतली पोरं मिळून रांगेत चालत जातात, मोठी पोरं पुढं. जेवण शाळेतच. वाढायचं पोरांनी, आणि वर्ग झाडायचा पण पोरांनीच."

"आमी पण झाडत होतो," शरणम्मा म्हणाल्या. "शनिवारी सारवत होतो. मग आमची शाळा जपानी होती म्हणायची."

"आणि राष्ट्रीयमध्ये?" शिवकांताबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला.

"झाडायचं तिथं पण असतंय. पुस्तकं साधारण तीच, फी दोन्हीकडं न्हाय. फरक म्हणशील तर शिकवायच्या पद्धतीचा, आणि वाटेचा. लांब हाय. दोन गाड्या बदलून जायचं. आधी थोडे दिवस श्रीदेवी सोडंल, मग एकटीनं."

"एकटीनं?" शरणम्मांचा कप बशीत वाजला. "तेवढ्याशा पोरीनं?"

"तिकडं जातात आत्या."

"आणि खाण्याचं काय?" ही शिवकांताबाईंची खरी काळजी. घरात मांस-मासा कधी शिजला नाही, लिंगायत घर म्हणून गळ्यात लिंग आहे, आणि तिकडं शाळेतलं जेवण सगळ्यांना एकच.

"दारातल्या शाळेच्या हेडमास्तरांना श्रीदेवी जाऊन भेटून आली. त्यांनी सांगितलं, घरनं डबा द्या. काय जेवण असंल ते आधी कळवतो, त्याच्यासारखं काहीतरी करून द्या, म्हंजे पोरीला वेगळं वाटायचं न्हाय. राष्ट्रीयमध्ये अजून विचारलं न्हाय."

श्रीदेवी आधीच जाऊन भेटून आली, हे शिवकांताबाईंच्या कानात अडकलं. पण तेवढ्यात शरणम्मा म्हणाल्या, "वैनी, मग दारातली शाळा वाईट काय हाय?"

शरणम्मा हे अगदी मनापासून बोलल्या होत्या, हे आज शिवकांताबाई कबूल करतात. पण त्या वेळी त्यांना एवढंच ऐकू आलं, की स्वतःचा पोरगा नवोदयला घालणारी बाई माझ्या नातीला दारातली शाळा दाखवतीय.

"बघू," त्या म्हणाल्या. "देवाच्या मनात असंल तसं."

देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण माही चाचणीत पुढं आली. गाठ तिनं सगळ्यांच्या आधी बांधली असं विरेश म्हणाला. गुरुजी म्हणाले, पायजम्याला प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. सोडत पुढच्या आठवड्यात होती.

मधल्या एका दुपारी शिवकांताबाईंनी फोन लावला तर माहीनंच उचलला. तिकडं संध्याकाळ झाली होती. श्रीदेवी स्वयंपाकघरात होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अज्जी, तू देवाला सांगितलंस का चिठ्ठी निघू दे म्हणून?"

"सांगितलंय की. रोज सांगते."

माहीनं स्वयंपाकघराकडं बघून घेतलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन हळू आवाजात म्हणाली, "मी सांगितलंय निघू नको."

"कुणाला सांगितलंस?"

"आपल्याच देवाला. तू फोटो दिलेला तो." मग ती घाईघाईनं सांगायला लागली. शेजारची साकी दारातल्या शाळेत जाणार होती. रांगेत पुढं साकीचा भाऊ असणार होता, त्याच्या हातात रस्ता ओलांडताना गाड्या थांबवायचं पिवळं निशाण असतं. माही आणि साकी शेजारी शेजारी चालणार, असं ठरलं होतं. "पण आईला सांगू नको. आई म्हणते, अज्जीला वाईट वाटंल."

शिवकांताबाईंनी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. त्यांना सगळ्यात आधी लाज वाटली नाही, रागच आला. तोही माहीचा नव्हे, महादेवाचा. एकाच घरातून दोन उलटे अर्ज आले असताना त्यानं काहीतरी खूण तर द्यायची. मग त्यांच्या लक्षात आलं, की खूण दिली असती तरी त्या वेळी आपण टाळ पुसत बसलो असतो.

संध्याकाळी त्या मठात गेल्या. मठाचे स्वामी वयस्कर आहेत, बायकांच्या अडचणी ऐकून ऐकून त्यांचा एक कान अधू झालाय असं ते स्वतःच म्हणतात. शिवकांताबाईंनी वाकून 'शरणु' केलं.

"स्वामी, बोललेला नवस मागं घेता येतो का?"

"कशाचा हाय?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना पायजम्याचं सांगायची गरज नव्हती, पण तेही निघून गेलं. स्वामी दुसऱ्या कानाला हात लावून ऐकत होते.

"म्हंजे तू म्हणतीस निघू दे, आणि पोरगी म्हणती नको निघू."

"व्हय स्वामी. आता मी पण म्हणती नको. पण हुग्गी बोललीय. देवाला उलटं सांगू कसं?"

"चिठ्ठी कोण काढणार हाय? देव?"

"न्हाय. सून."

"मग देवाला कशाला मधी घालतीस? सुनंला फोन कर." आणि त्या उठायला लागल्या तेव्हा म्हणाले, "हुग्गीचं तू बघ. मला गोड चालत न्हाय आता."

फोन करणं मात्र नवसापेक्षा जड गेलं. देवापुढं पदर पसरताना शिवकांताबाईंना कधी काही वाटलं नव्हतं. सुनेपुढं 'माझं चुकलं' म्हणायचं तर जीभ टाळूला चिकटते. त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग डाळीचे भाव सांगितले, मग कमलबाईंच्या म्हशीचं सांगितलं. श्रीदेवी 'व्हय आत्याबाई, व्हय आत्याबाई' करत ऐकत होती. शेवटी गुरुजींनी पेपर खाली करून चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रीदेवी, तू सोडतीला जाऊ नको."

पलीकडं शांत झालं. या वेळी नेटवर्क चांगलं होतं.

"का आत्याबाई?"

"दारातली शाळा बरी हाय. पोरगी चालत जाईल. आणि डब्याचं पण तू विचारून आलीस." मग राहवलं नाही म्हणून त्या पुढं बोलल्या, "मी उगं हट्ट धरला. माझ्यापायी तुमाला फॉर्म भरायला लागला."

श्रीदेवी हसली. सून अशी मोकळं हसते हे शिवकांताबाईंना माहीत नव्हतं.

"आत्याबाई, तुमच्यापायी न्हाय भरला. मीच भरला. आमच्या गावातनं मोठ्या शाळेची बस जायची ना, मी नगरपालिकेच्या शाळेच्या दारात उभी राहून बघायची. त्यातल्या पोरी खिडकीतनं बाहेर बघत पण नव्हत्या. मला वाटायचं, माझी लेक असल्या शाळेत जाईल. तुमी म्हणालात भर, मला बरंच झालं. नाव तुमचं झालं."

एवढे दिवस शिवकांताबाईंना वाटत होतं, की जपानमधलं ते घर आपल्या इच्छेच्या ओझ्याखाली वाकलंय. आता कळलं की त्यांच्या इच्छेचा नुसता आडोसा झाला होता. जरा वाईटच वाटलं त्यांना. पश्चात्ताप करायला बसलेल्या माणसाला गुन्हाही पूर्ण आपला नाही असं कळलं की वाटतं, तसं.

"मग तुला जायचं असंल तर जा बाई," त्या म्हणाल्या. "मी मधी येत न्हाय."

"काल मी तिला घेऊन त्या गाड्यांनी जाऊन आले," श्रीदेवी म्हणाली. "गर्दीत तिचा हात धरून उभी होते. परत येताना ती झोपली. मला वाटलं, ही शाळा माझ्यासाठी हाय. तिच्यासाठी न्हाय." मग म्हणाली, "पण तुमाला सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. तुमी एवढी हुग्गी बोललात."

"हुग्गीचं तुला कुणी सांगितलं?"

"मामांनी."

गुरुजींनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला.

तर असं झालं. श्रीदेवी सोडतीला गेली नाही. दारातल्या शाळेचं पत्र आधीच घरी आलेलं होतं, त्यावर विरेशनं सही करून दिली. माहीला सांगितलं तेव्हा ती 'हाय' म्हणून साकीच्या घरी पळाली, चप्पल न घालता.

राहता राहिला सोमवार. भजनाला जायचं आणि शरणम्मापुढं, कमलबाईंपुढं, सगळ्या बायकांपुढं सांगायचं, की केंद्राच्या शाळेचं बारगळलं, नगरपालिकेच्या शाळेत घातली. शिवकांताबाईंनी घरून निघताना सगळं ठरवून घेतलं. कुणी टोमणा मारला तर कुठून सुरुवात करायची, बदल्यांचं आधी सांगायचं का रांगेचं, सराव पाठाचं कितपत सांगायचं, पुंकेसर अजिबात सांगायचं नाही. मारुतीच्या देवळापाशी त्यांनी एकदा मनात म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं. शेवटाला आवाज थोडा खाली आणायचा, असंही ठरलं.

मठात शरणम्मा पेटी पुसत होत्या. "काय झालं वैनी चिठ्ठीचं?"

"काढलीच न्हाय." शिवकांताबाई सावरून बसल्या. "दारातल्या शाळेत घातली. नगरपालिकेच्या."

"बरं केलं," शरणम्मा म्हणाल्या. "सरका जरा, पेटी ठेवू द्या."

शिवकांताबाई सरकल्या. थोडा वेळ वाट पाहिली. कमलबाईंनी विचारलं, "मग डब्याला काय देणार पोरीला?" आणि तिथून जे सुरू झालं ते शेंगाची पोळी टिकते का धपाटं टिकतं, यावर गेलं. एक म्हणाली शेंगाची पोळी, दुसरी म्हणाली तिकडच्या थंडीत कडक होईल, शरणम्मा म्हणाल्या दशम्या द्या, दुधातल्या. शाळा केंद्राची का नगरपालिकेची, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कधी होतं का, हाही प्रश्नच आहे. भजन सुरू झालं तरी शिवकांताबाईंच्या तोंडात ते सगळं भाषण तसंच होतं, बदल्यांपासून पिवळ्या निशाणापर्यंत.

एवढी तयारी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी घरी येऊन ते गुरुजींना म्हणून दाखवलं. मास्तरांना फिरवत ठेवलं की सगळ्या शाळा सारख्या कशा राहतात, घराजवळच्या शाळेत पोरगं गल्लीबरोबर कसं वाढतं, आणि नुसतं नाव मोठं म्हणून शाळा मोठी कशी होत नसते. शेवटाला आवाजही खाली आणला. गुरुजींनी जेवता जेवता सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे सगळं मीच तुला तीस वर्षं सांगत होतो ना?"

"तुमी झेडपीचं सांगत होता," शिवकांताबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "मी जपानचं सांगतीय."